सामाईक सॉफ्टवेअरमध्ये ॲडमिन किती असावेत? दिवाळी अंकाच्या कामातील अनुभव आणि काही प्रश्न

शाईबोट :

नमस्कार. आमचे मंडळ गेली सात वर्षे ऑनलाइन दिवाळी अंक काढते. अंकाचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. लेखांचे मसुदे, चित्रे आणि जाहिरातींचे हिशेब गूगल ड्राइव्हवर असतात. संपादन, मुद्रितशोधन, चित्रे, मांडणी आणि जाहिराती मिळून एकोणीस जण नोकरीधंदा सांभाळून घरून हे काम करतात. मानधन कुणालाच नसल्यामुळे कामाची वाटणी नेहमीच "ज्याला वेळ असेल त्याने करावे" अशी झाली, आणि संकेतस्थळावरचे अधिकारही तसेच वाटले गेले. कुणी म्हणाले की मला अमुक पान दिसत नाही, की त्याला ॲडमिन, म्हणजे सारे अधिकार असलेला सदस्य, करून मोकळे व्हायचे. गेल्या वर्षी मी सहज सदस्यांची यादी उघडली, तेव्हा एकोणीसपैकी अकरा जण ॲडमिन निघाले. त्यांतल्या दोघांनी अंकाचे काम सोडून तीन वर्षे झाली होती.

त्याच वर्षी दोन अपघात झाले. पहिला वसुबारसेच्या आठवडाभर आधीचा. आमच्या एक मुद्रितशोधक ताई रात्री अकराच्या सुमारास एका कथेतले ऱ्हस्वदीर्घ तपासत होत्या. थीमची, म्हणजे संकेतस्थळाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलींची, नवी आवृत्ती आल्याची सूचना त्यांना पडद्यावर दिसली आणि अपडेट करणे चांगलेच असते, अशा सद्हेतूने त्यांनी बटण दाबले. आमच्या मांडणीकाराने थीमच्या मूळ फाइलींमध्येच हाताने बदल केले होते, आपले बदल वेगळे जपणारी चाइल्ड थीम केली नव्हती. नव्या आवृत्तीने ते सारे बदल पुसून टाकले. सकाळी पाहतो तो अनुक्रमणिकेचे तीन स्तंभ एकाखाली एक आलेले, आणि कवितांच्या ओळी गद्यासारख्या सलग धावत होत्या. मांडणीकाराच्या चार रात्री त्यात गेल्या. ताईंना इतके वाईट वाटले की त्यांनी यंदा काम करायलाच नकार दिला होता. त्यांची समजूत घालताना माझ्या लक्षात आले की चूक त्यांची नव्हतीच, ते बटण त्यांच्यासमोर ठेवणाऱ्यांची होती.

दुसरा अपघात ड्राइव्हवरचा. आमच्या एका सहसंपादकांनी तीन वर्षांच्या मसुद्यांचा फोल्डर त्यांच्या कार्यालयाच्या खात्यावरून तयार केला होता. त्यांनी नोकरी बदलली, जुन्या कार्यालयाने रीतीप्रमाणे त्यांचे खाते काढून टाकले आणि खात्याबरोबर त्यातल्या फाइलीही गेल्या. आमच्या लक्षात येईपर्यंत दीड महिना उलटला होता.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ॲडमिन किती असावेत? सामाईक फाइली कुणाच्या नावावर असाव्यात? आणि तिसरी, मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट म्हणजे एकदा दिलेला अधिकार माणूस न दुखावता परत कसा घ्यावा?

रात्रपाळी :

मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

वर्डप्रेसमध्ये पूर्वी भूमिका नव्हत्या, शून्य ते दहा अशा पायऱ्या होत्या. दहाव्या पायरीवरचा सर्वांत मोठा, आणि वरच्याला खालच्याचे सारे अधिकार आपोआप मिळत. २००५ च्या डिसेंबरात आलेल्या २.० या आवृत्तीने ही उतरंड मोडली आणि तिच्या जागी भूमिका आणल्या. भूमिका म्हणजे सुट्या अधिकारांची एक जुडी. सॉफ्टवेअर दर वेळी "हा कोण आहे?" असे विचारत नाही, "याच्या जुडीत ही किल्ली आहे का?" एवढेच पाहते. मुळात पाच जुड्या मिळतात : ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर आणि सबस्क्रायबर. एकदाच बसवलेल्या वर्डप्रेसवर अनेक संकेतस्थळे चालवणाऱ्यांसाठी सुपर ॲडमिन ही सहावी जुडी असते, तिचा तुमच्याशी संबंध नाही.

तुमच्या मुद्रितशोधक ताईंना एडिटरची जुडी पुरेशी होती. एडिटर कुणाचाही लेख उघडू शकतो, दुरुस्त करू शकतो, प्रकाशित करू शकतो, वर्गवारी बदलू शकतो आणि प्रतिसाद आवरू शकतो. त्याला थीम, प्लगइन (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम), सदस्यांची यादी आणि सेटिंग्ज मात्र दिसतच नाहीत. म्हणजे त्या रात्री ती सूचना त्यांच्या पडद्यावर आलीच नसती. लोकांना वाटते की अधिकार कमी करणे म्हणजे अविश्वास दाखवणे. माझ्या मते ते जिन्याला कठडा बसवण्यासारखे आहे.

यामागचे तत्त्व जुने आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी १९७५ च्या त्यांच्या निबंधात ते मांडले : प्रत्येक प्रोग्रामने आणि प्रत्येक वापरकर्त्याने हातातले काम पुरे करायला लागतील तेवढ्याच कमीत कमी अधिकारांनिशी वावरावे. पुढे १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी भूमिकांवर आधारलेली पद्धत रीतसर मांडली. तिचा गाभा असा की अधिकार माणसाला चिकटवायचे नाहीत, कामाला चिकटवायचे, आणि माणसाला ते काम सोपवायचे. माणूस बदलला तरी कामाची जुडी तीच राहते. तुमच्याकडे नेमके उलटे झाले. अधिकार माणसांना दिले गेले, माणसे काम सोडून गेली आणि अधिकार मागे लोंबकळत राहिले.

तेव्हा ॲडमिन दोन असावेत. एक असेल तर तो आजारी पडला, परगावी गेला किंवा रुसला की सारे अडते, आणि तिघांच्या वर गेले की कुणीच स्वतःला जबाबदार मानत नाही. त्या दोघांनीही रोजच्या लेखनासाठी एडिटर दर्जाचे वेगळे खाते वापरावे आणि ॲडमिनचे खाते फक्त गरजेपुरते उघडावे. हे कंटाळवाणे आहे, मीही अनेकदा टाळतो, पण पद्धत योग्य तीच आहे.

एकतारी :

एक छोटा प्रश्न. आमच्याकडे चित्रकारांना कॉन्ट्रिब्युटर केले, तर त्यांना चित्रच चढवता येईना. हा दोष आहे की अशीच रचना आहे?

रात्रपाळी :

अशीच रचना आहे. कॉन्ट्रिब्युटर लेख लिहून तपासणीसाठी पाठवू शकतो, पण त्याला प्रकाशित करता येत नाही आणि फाइल चढवण्याचीही किल्ली त्याच्याकडे नसते. लेख एकदा प्रकाशित झाला की स्वतःच्याच लेखात दुरुस्ती करण्याची मुभाही जाते, आणि यावरून दर वर्षी एक तरी लेखक रागावतो. चित्रकारांना ऑथर करावे. मात्र मग त्यांना स्वतःचा मजकूर परस्पर प्रकाशितही करता येईल, हे लक्षात ठेवावे.

खतावणी :

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो, कारण हा प्रश्न आमच्या व्यवसायात रोज येतो आणि तिथे त्याची किंमत रुपयांत मोजली जाते.

लहान पेढ्यांमध्ये टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बहुधा एकच नाव आणि एकच पासवर्ड असतो. मालक, त्यांचा मुलगा, कारकून आणि आठवड्यातून एकदा येणारे हिशेबनीस सगळे त्याच नावाने आत शिरतात. माझ्या एका अशिलाकडे मागील तारखेच्या एका पावतीची रक्कम बदललेली सापडली. बदल कुणी केला असे विचारले तेव्हा चौघांनी एकमेकांकडे पाहिले. बदल दिसत होता, वेळही दिसत होती, नाव होते ते मालकांचे, आणि मालक त्या दिवशी गाणगापूरला गेलेले होते.

टॅलीत हे टाळायची सोय पूर्वीपासून आहे. मालकाची एक पातळी आणि नोंदी करणाऱ्याची दुसरी, अशा पातळ्या करता येतात. नोंदी करणाऱ्याला किती दिवस मागच्या तारखेचे व्हाउचर घालता यावे, हेही ठरवून देता येते. ती सोय वापरणारे थोडे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा कंपनी कायद्याखालील नियम लागू झाला आहे. तुमचे मंडळ कंपनी नाही, त्यामुळे हा नियम तुम्हाला लागू नाही. त्यातून घेण्यासारखी गोष्ट मात्र आहे. बदलाचा माग ठेवणारे यंत्र कितीही चोख असले तरी चौघे एकाच नावाने आत शिरत असतील, तर ते यंत्र चौघांची साक्ष एकाच्या नावावर लिहिते. म्हणून भूमिका ठरवण्याच्याही आधी प्रत्येकाचे खाते वेगळे करा.

जाहिरातींच्या हिशेबासाठी आणखी एक सुचवतो. रक्कम आल्याची नोंद करणारा आणि ती तपासून मान्य करणारा ही दोन वेगळी माणसे असावीत. बँकांमध्ये हीच रीत आहे. यात नोंद करणाऱ्याचेही संरक्षण आहे.

पिंपळपार :

वरील सर्व तज्ज्ञांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. मी सत्तरीचा आहे आणि आमच्या मंडळाचे काम तीस वर्षे करतो आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी नेहमीप्रमाणे संकेतस्थळावर लॉगिन केले, तर पडद्याच्या डावीकडची निम्मी यादी नाहीशी झालेली. मला वाटले, संगणकच बिघडला. नातवाला बोलावले. तो म्हणाला, "आजोबा, तुम्हाला ॲडमिनवरून काढलंय." मला कुणी आधी सांगितले नव्हते, नंतरही सांगितले नाही. नव्या कार्यकारिणीतील तरुणांनी सुरक्षिततेसाठी तसे केले होते, आणि आज वरचे प्रतिसाद वाचल्यावर त्यांचे बरोबर होते हेही पटते. पण ज्या संकेतस्थळाचे नाव नोंदवायला मी पदरचे पैसे घातले, तिथे मला माझ्या नातवाकडून कळावे?

आपल्या मंडळांमध्ये माणसे मानासाठी काम करतात असे हिणवून म्हटले जाते. मानधन नसेल तिथे मान तरी असावा की नाही? ॲडमिन हा शब्द तुमच्या दृष्टीने किल्ल्यांची जुडी असेल, आमच्या दृष्टीने तो पाटी आहे, आणि कुणाच्या दारावरची पाटी रात्रीत काढली तर त्याला दुखणारच. शाईबोट, तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे असे तुम्ही लिहिलेत, म्हणून हे लिहिण्याचे धाडस केले.

चर्चापान :

पिंपळपार काकांचा प्रतिसाद वाचून थांबलो होतो, कारण मी ज्या ठिकाणी लिहितो तिथे हाच वाद वेगळ्या रूपात चालतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मी काही वर्षे संपादने करतो. तिथे वाटेवरचा माणूसही लेख बदलू शकतो, आणि तरीही गाडी चालते. याचे कारण असे की प्रत्येक बदलाची आवृत्ती जपलेली असते, ती कुणालाही पाहता येते आणि बिघडवलेले पान मागच्या आवृत्तीवर न्यायला दोन टिचक्या पुरतात. प्रचालकाकडे, म्हणजे तिथल्या ॲडमिनकडे, पाने वगळण्याचे, सुरक्षित करण्याचे आणि सदस्यांना रोखण्याचे अधिकार असतात, पण त्याची अशी प्रत्येक कृती नोंदींत उघड राहते.

त्यामुळे कुणाला किती अधिकार द्यावा, यापेक्षा कोणती चूक परत फिरवता येते आणि कोणती येत नाही, हे आधी पाहावे असे मला वाटते. जी फिरवता येते ती मोकळेपणाने सगळ्यांना द्यावी, तिथे कंजुषी करू नये. जी फिरवता येत नाही तिथेच कुलूप असावे. वर्डप्रेसमध्ये लेखातल्या मजकुराच्या जुन्या आवृत्त्या राहतात, काढून टाकलेला लेखही तीस दिवस कचरापेटीत पडून असतो. पण माध्यमांच्या संग्रहातून एखादे चित्र काढले की मूळ रचनेत ते कचरापेटीत जात नाही, थेट नाहीसे होते. म्हणजे एडिटर ही जुडी निर्धोक समजून पंधरा जणांना वाटली, तरी त्यांपैकी कुणीही मुखपृष्ठाचे चित्र कायमचे घालवू शकतो. सदस्याचे खाते काढतानाही वर्डप्रेस विचारते की याचे लेख काढून टाकायचे की दुसऱ्याच्या नावावर करायचे. तिथे घाईने चुकीचा पर्याय निवडला, तर माणसाबरोबर त्याचे लेखही जातात. ज्या दोघांनी काम सोडले आहे त्यांना काढताना हे विसरू नका.

विकिपीडिया ज्यांत मोडतो त्या विकिमीडियाच्या प्रकल्पांवर २०१८ मध्ये एक बदल झाला तोही इथे उपयोगी पडावा. त्याआधी सर्व प्रचालकांना संपूर्ण संकेतस्थळाला लागू होणारा जावास्क्रिप्टचा कोड बदलता येत असे. तो कोड प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे एका प्रचालकाचे खाते दुसऱ्या कुणाच्या हाती लागले तरी साऱ्या वाचकांना धोका होता. तो अधिकार काढून एका वेगळ्या गटाकडे दिला गेला. ज्यांच्याकडून तो काढला, ते प्रचालक म्हणून कायम राहिले. किल्ली गेली, पाटी राहिली. काकांच्या दुखण्यावर एक वाट अशी असू शकते.

दूरदेशी :

आमचे महाराष्ट्र मंडळ अमेरिकेत आहे आणि आमची कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नात आमचे हात पुरेसे पोळलेले आहेत.

गूगल ड्राइव्हवर व्यक्तिगत खात्याने केलेली फाइल त्या व्यक्तीची असते. ती इतरांना वापरायला दिली तरी मालकी बदलत नाही. यातली खाचखळग्याची जागा अशी की फोल्डर मंडळाच्या खात्याने केला आणि त्यात सदस्यांनी आपापल्या फाइली टाकल्या, तरी फोल्डर मंडळाचा आणि फाइल ज्याची त्याची अशीच स्थिती राहते. फोल्डरची मालकी दुसऱ्याला दिली म्हणून आतल्या फाइलींची मालकी जात नाही. तुमच्या सहसंपादकांनी नोकरी सोडण्याआधी मालकी द्यायचे मनात आणले असते, तरी कार्यालयाच्या खात्यावरून बाहेरच्या व्यक्तिगत खात्याला ती देता आली नसती. त्यांना सगळ्याच्या प्रती काढाव्या लागल्या असत्या.

याला उपाय म्हणजे शेअर्ड ड्राइव्ह. तिथल्या फाइली व्यक्तीच्या नसतात, संस्थेच्या असतात, आणि सदस्य गेला तरी जागेवर राहतात. ही सोय व्यक्तिगत खात्याला मिळत नाही, गूगल वर्कस्पेस (संस्थांसाठीची सेवा) घ्यावे लागते. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांसाठी त्याची वेगळी योजना आहे. तुमचे मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असेल तर त्यासाठी अर्ज करून पाहा. तिथे मॅनेजर, कंटेंट मॅनेजर, कॉन्ट्रिब्युटर, कॉमेंटर आणि व्ह्यूअर अशा पाच भूमिका असतात. वर्डप्रेसमधला कॉन्ट्रिब्युटर आणि इथला कॉन्ट्रिब्युटर यांत गल्लत करू नका. इथल्याला फाइल चढवता येते आणि बदलता येते, पण हलवता किंवा काढता येत नाही. अंकाच्या बहुतेक मंडळींना हीच भूमिका चपखल बसते.

ही सोय मिळेपर्यंत दोन गोष्टी आजच पाहून घ्या. साध्या ड्राइव्हवर एडिटर असलेल्या माणसाला ती फाइल आणखी कुणालाही देता येते, मालकाने सेटिंग बदलून ते बंद केले नसेल तर. आणि "लिंक असलेला कुणीही" हा पर्याय जाहिरातदारांच्या हिशेबावर चालू नाही ना, तेही तपासा. आमच्याकडे देणगीदारांची यादी चार वर्षे तशी उघडी होती.

ओटीपीबद्दल वेगळे सांगायला नकोच. आमच्या संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण करायला गेलो, तेव्हा ओटीपी ज्या फोनवर जायचा ते माजी खजिनदार भारतात परतले होते आणि तिथे पहाटेचे तीन वाजले होते. त्यांनी फोन उचलला, ओटीपी सांगितला आणि वर "जेवलात का?" असेही विचारले. सगळेच खजिनदार असे नसतात.

शाईबोट :

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या महिनाभरात आम्ही काय केले ते लिहितो.

पहिल्या रविवारी मी अकरा ॲडमिनपैकी प्रत्येकाला फोन केला, निरोप पाठवून भागवले नाही. पिंपळपार काकांचा प्रतिसाद वाचला नसता तर मी एक सामुदायिक ईमेल पाठवून मोकळा झालो असतो. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली : गेल्या वर्षभरात थीम, प्लगइन, सदस्ययादी किंवा सेटिंग्ज यांपैकी काय उघडावे लागले? आठ जणांनी यांतले काहीच उघडले नव्हते. त्यांपैकी सहा जण "मग काढून टाका की" असे स्वतःच म्हणाले, आणि दोघांच्या आवाजात ओझे उतरल्यासारखा सुस्काराही ऐकू आला. एक ज्येष्ठ सदस्य नाराज झाले. त्यांच्याशी तासभर बोललो. त्यांचे म्हणणे अधिकाराबद्दल नव्हतेच. अंकाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव तीन वर्षे खाली खाली सरकत गेले होते. ते आता संस्थापक संपादक म्हणून वर आले आहे, आणि ॲडमिनचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

आता ॲडमिन दोन आहेत, मी आणि मांडणीकार. दर पाडव्याला यांतला एक बदलायचा असे ठरले आहे, म्हणजे हे काम पाळीचे राहील. काम सोडलेल्या दोघांची खाती काढताना त्यांचे लेख मंडळाच्या खात्याच्या नावावर केले. चर्चापान यांनी बजावले नसते तर मी पहिलाच पर्याय दाबला असता, कारण तो वर होता. माध्यमसंग्रहाची प्रत दर रविवारी वेगळ्या ठिकाणी उतरवली जाते. हिशेबाच्या तक्त्यात नोंद एक जण करतो आणि तपासणी दुसऱ्या बाई करतात. पहिल्याच आठवड्यात एका जाहिरातदाराची रक्कम दोनदा लिहिलेली सापडली. शेअर्ड ड्राइव्हसाठीचा अर्ज केला आहे, उत्तर यायचे आहे. तोवर सगळ्या फाइलींची मालकी एकेक करून मंडळाच्या खात्याकडे देण्याचे काम चालू आहे. प्रत्येक विनंती मंडळाच्या खात्याने स्वीकारावी लागते, त्यामुळे ते रटाळ आहे.

मुद्रितशोधक ताई परत आल्या आहेत. त्या आता एडिटर आहेत. काल त्यांनी विचारले की ती थीमची सूचना हल्ली दिसत नाही, येणे बंद झाले का? बंद झालेले नाही. ती मला रोज दिसते, आणि मी अजून बटण दाबलेले नाही, कारण चाइल्ड थीमचे काम मांडणीकाराकडून व्हायचे आहे.